डोक्यावरची भिंत आणि हातातला दाखला

रस्त्याने चालणारा माणूस खाली पाहून चालतो. खड्डा, चिखल, हातगाडी, स्कूटर चुकवावयाची असते. वर पाहण्यास फुरसत कोणाला? वर जे काही आहे, म्हणजे सज्जा, छज्जा, कठडा, गिलाव्याचा सुटलेला पोपडा, ते आपल्या डोक्यावर पडणार नाही असे तो कोणालाही न विचारता गृहीत धरतो. हे गृहीत कशाच्या आधारावर उभे आहे, एवढाच प्रश्न आम्ही आज आपणांपुढे ठेवणार आहोत. कारखान्यातला बॉयलर मुदतीने तपासला जातो. लिफ्टची तपासणी होते. मालमोटारीलाही योग्यतेचा दाखला लागतो. मग पन्नास-शंभर वर्षे ऊनपाऊस खात रस्त्यावर ओणवलेल्या दगडविटांची तपासणी का नको? हा प्रश्न जगातील मोठ्या शहरांना सुचला खरा, पण फार उशिरा सुचला. आणि बहुधा कोणाचा तरी बळी गेल्यावर सुचला.

या बाबतीत न्यूयॉर्क शहराचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथला कायदा आदर्श आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण त्याला चाळिसांवर वर्षे होऊन गेली आहेत, आणि तो कोठे फाटला व त्याला कोठे ठिगळ लावावे लागले हे आता स्वच्छ दिसते. नवे कोरे कापड पाहून शिंप्याची परीक्षा होत नाही. वापरलेले पाहावे लागते.

१६ मे १९७९ या दिवशी त्या शहरात ब्रॉडवे आणि ११५ व्या गल्लीच्या नाक्यावरून बर्नार्ड कॉलेजात शिकणारी १७ वर्षांची एक मुलगी चालली होती. वरच्या मजल्यावरील खिडकीच्या माथ्याचा एक तुकडा निखळला, तिच्या डोक्यावर पडला आणि ती गेली. तिचा काही अपराध नव्हता, त्या इमारतीशी काही संबंध नव्हता. ती तेथली भाडेकरू नव्हती की मालकीण नव्हती. इमारतीचे कायदे तोवर मालक आणि भाडेकरू या दोघांनाच ओळखत होते. या घटनेने तिसरा पक्ष पुढे आला, तो वाटसरू. नऊ महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारी १९८० मध्ये, शहराने ‘स्थानिक कायदा क्रमांक १०’ केला. सहा मजल्यांहून उंच असलेल्या इमारतींच्या रस्त्याकडील भिंती दर पाच वर्षांनी परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने तपासाव्या आणि शहराच्या इमारत खात्याकडे अहवाल द्यावा, असा त्याचा सारांश होता.

आता भिंत आपणहून कशी काय पडते, हे थोडे समजून घ्यावयास हवे. एरवी पुढचा सारा विषय कागदी वाटेल. न्यूयॉर्कच्या जुन्या उंच इमारतींवर जी नक्षी दिसते ती पुष्कळदा दगडाची नसून भाजलेल्या मातीच्या पोकळ ठोकळ्यांची असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० च्या सुमारापर्यंत या कामाची तेथे चलती होती. हे ठोकळे आतल्या लोखंडी आकड्यांवर आणि पट्ट्यांवर टांगलेले असतात. सांध्यातला चुना झिजला की पाणी आत शिरते. लोखंड गंजते, आणि गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापते. ती जागा ते कोठून आणणार? शेजारच्या ठोकळ्याला बाहेर ढकलून. हिवाळ्यात त्याच पाण्याचे बर्फ होते आणि बर्फ पाण्याहून सुमारे ९ टक्के फुगते. असे वर्षानुवर्षे चालते. रस्त्यावरून पाहणाराला नक्षी जागच्या जागी दिसते. मागचा आकडा संपलेला असतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण खारा वारा आहे, चार महिन्यांचा पाऊस आहे आणि काँक्रीटच्या पोटात सळई आहे. सळईवर काँक्रीटचे कवच पुरेसे जाड नसेल तर गंज तिथवर पोचतो, सळई फुगते आणि कवच फोडते. छताचे किंवा छज्ज्याचे पोपडे सुटून आतली तांबूस सळई उघडी पडलेली आपण सर्वांनी पाहिली असेल. छज्ज्याची गोष्ट तर आणखी निराळी. भिंतीतून बाहेर आलेल्या छज्ज्यात ताण वरच्या अंगाला पडतो, म्हणून त्याची मुख्य सळई वरच्या बाजूस असावी लागते. पण काँक्रीट ओतताना घमेली घेऊन बिगारी त्या जाळीवरूनच ये-जा करतात, आणि त्यांच्या पायांखाली सळई खाली बसते. दोष त्या बिगाऱ्याचा नाही. त्याला चालावयास दुसरी फळी दिलेली नसते आणि सळई वर का हवी हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सळई खाली बसलेला छज्जा बाहेरून अगदी चांगला दिसतो. कधी कधी वीस वर्षेही दिसतो.

न्यूयॉर्कच्या कायद्याकडे परत येऊ. त्याचा पहिला परिणाम मजेशीर झाला. अहवालात ‘अमुक कठडा सैल आहे’ असे आले की दुरुस्तीचा खर्च पाहून अनेक मालकांनी तो कठडा, ती महिरप, तो सिंहाचा मुखवटा सरळ छाटून टाकला आणि वर साधा गिलावा फासला. धोका गेला, पण शहराचा चेहराही गेला. कायद्याने ‘सुरक्षित करा’ असे सांगितले होते. ‘जतन करा’ असे सांगितले नव्हते. मालकवर्ग कायदा किती बारकाईने वाचतो याचा हा नमुना म्हणावा लागेल.

दुसरी उणीव मोठी होती. कायदा रस्त्याकडील भिंतींपुरता होता आणि दुर्बिणीतून पाहून केलेल्या तपासणीवर पुष्कळदा भागत असे. डिसेंबर १९९७ मध्ये मॅडिसन ॲव्हेन्यूवरील एका उंच कचेऱ्यांच्या इमारतीच्या विटांचा मोठा भाग कोसळला. ती इमारत काही जुनीपुराणी नव्हती. आधुनिक बांधणीची होती. मग १९९८ साली ‘स्थानिक कायदा क्रमांक ११’ आला. त्याने सर्व बाजूंच्या भिंती तपासणीखाली आणल्या आणि परांचीवर चढून, भिंतीला हात लावून पाहिलेच पाहिजे असे बंधन घातले. अहवालाचे तीन वर्ग पाडले: सुरक्षित, दुरुस्ती व निगा केल्यास सुरक्षित, आणि असुरक्षित. यातला मधला वर्ग आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. त्यात मोडणाऱ्या भिंतीची सांगितलेली दुरुस्ती पुढच्या तपासणीपर्यंत झाली नाही, तर ती भिंत आपोआप असुरक्षित ठरते. ‘पाहू, करू’ म्हणून दुसरी पाच वर्षे काढण्याची वाट त्याने बंद केली. असुरक्षित ठरली तर इमारत खात्याला ताबडतोब कळवावयाचे, पदपथावर संरक्षक मांडव घालावयाचा आणि ठरलेल्या मुदतीत काम पुरे करावयाचे. बारा हजारांहून अधिक इमारती या नियमाखाली येतात.

इतका कडेकोट बंदोबस्त झाल्यावर माणसे मरावयाची थांबली असतील असे वाटेल. मे २०१५ मध्ये त्याच शहरात दोन वर्षांची एक मुलगी आजीबरोबर एका इमारतीबाहेर बाकावर बसली होती. वरच्या खिडकीच्या उंबऱ्याचा तुकडा पडला आणि मुलगी दगावली. चौकशीत निघाले ते असे, की त्या इमारतीचा अहवाल वेळेवर दाखल झालेला होता आणि त्यात भिंत सुरक्षित असल्याचे लिहिले होते. तो अहवाल ज्या अभियंत्याच्या नावाने गेला तो इमारत पाहावयास गेलाच नव्हता! त्याच्यावर खोटा कागद दाखल केल्याबद्दल खटला भरण्यात आला. डिसेंबर २०१९ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ वरून पडलेल्या तुकड्याने एका वास्तुविशारद बाईंचा बळी घेतला. तेथे तर उलटा प्रकार होता. शहराच्या निरीक्षकाने आठ महिने आधी, एप्रिलमध्येच, वरच्या मजल्यांवरील नक्षी मोडकळीस आल्याची नोंद करून मालकाला १,२५० डॉलर दंड ठोठावला होता. दंड झाला, मांडव मात्र उभा राहिला नाही. सतरा मजली इमारतीच्या मालकाला १,२५० डॉलर म्हणजे काय, हे आपण मनाशी ताडून पाहावे. आमच्या मते तो दंड नव्हेच. दुरुस्ती लांबणीवर टाकण्याची ती फी झाली.

या दोन मृत्यूंमध्ये या विषयाचे सारे मर्म आहे. पहिल्यात पाहिल्यावाचून दाखला दिला गेला. दुसऱ्यात पाहिले गेले, पण पाहिल्याचे फळ भिंतीपर्यंत पोचले नाही. कायदा, मुदत, नमुना, शिक्का हे सर्व दोन्ही ठिकाणी होते. २०२० साली न्यूयॉर्कने नियम पुन्हा कसले. तपासनिसाला पूर्वी एका वर्षाचा अनुभव पुरे होता, तो सात वर्षांचा केला. रस्त्याकडील भिंतीच्या दर साठ फुटांमागे एकदा तरी जवळून, हात लावून पाहावे असे ठरले. इमारतीच्या दिंडीत भिंतीच्या स्थितीचा दाखला लावून ठेवण्याची सक्ती झाली. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला तो वाचता यावा. ही शेवटची सुधारणा दिसावयास लहान, पण आमच्या दृष्टीने तिचे मोल मोठे. खात्याच्या फडताळात पडलेला अहवाल फक्त खात्यालाच ठाऊक असतो.

त्या संरक्षक मांडवांचीही एक कथा आहे. असुरक्षित भिंतीखाली मांडव घातला की वाटसरूचे डोके तूर्त वाचते. पण मांडवाचे भाडे दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून मालक मांडवच ठेवतात. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका इमारतीपुढचा मांडव २१ वर्षे उभा होता. २०२३ साली तो निघाला. २१ वर्षांत त्या मांडवाखालून शाळेत जाणारे मूल कामावर जाऊ लागले असेल. हे ऐकून आमच्या मुंबईकर श्रोत्यांना हसू येणार नाही, कारण आपल्या चाळींखाली लावलेले लाकडी टेकू त्यांनी पाहिलेले आहेत. टेकूही तात्पुरताच असतो, आणि त्यावर दोऱ्या बांधून धुणी वाळत घातली जातात.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे असा कायदा नाही असे पुष्कळांना वाटते, ते बरोबर नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमात ‘कलम ३५३ ब’ आहे, आणि राज्यातील इतर महापालिकांसाठी त्याच आशयाचे ‘कलम २६५ अ’ आहे. इमारतीला ३० वर्षे पुरी झाली की महापालिकेकडे नोंदलेल्या संरचना अभियंत्याकडून ती तपासून घ्यावयाची, राहण्यास योग्य असल्याचा दाखला द्यावयाचा, आणि त्यानंतर दर १० वर्षांनी किंवा आयुक्त सांगतील तर त्याआधीही हेच पुन्हा करावयाचे. जबाबदारी मालकाची किंवा ताबेदाराची. म्हणजे गृहरचना संस्थेच्या इमारतीत ती तुमचीआमचीच. हाँगकाँगमध्ये २०१२ पासून लागू झालेल्या योजनेतही हेच तीस आणि दहाचे आकडे आहेत. सिंगापूरने २०२२ पासून २० वर्षांवरील उंच इमारतींच्या दर्शनी भिंती दर ७ वर्षांनी तपासण्याचा नियम केला.

पण न्यूयॉर्कचा नियम आणि आपला नियम यांत एक भेद आहे, तो ध्यानात घ्यावयास हवा. आपला कायदा इमारतीला विचारतो, ‘तू उभी राहशील काय?’ त्यांचा विचारतो, ‘तुझ्या अंगावरून काही खाली पडेल काय?’ पहिला प्रश्न सांगाड्याचा, दुसरा कातडीचा. सांगाडा धडधाकट असूनही छज्जा पडू शकतो. शिवाय कातडी तीस वर्षे थांबत नाही. समुद्राकाठी पंधरा वर्षांतच सळई उघडी पडलेल्या इमारती आम्ही पाहिल्या आहेत. मुंबईतील काळा घोडा भागातले एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, इंग्लंडात ओतलेल्या लोखंडाच्या सांगाड्यावर उभे राहिलेले. २००५ साली त्याचे सज्जे कोसळून एक जण ठार झाला, २०१८ साली पुन्हा काही भाग खाली आला. सांगाडा मात्र उभाच होता. अशा सज्ज्यांकडे दर पाच वर्षांनी वेगळे लक्ष देणारा, केवळ दर्शनी भागाचा असा नियम आपल्याकडे असावयास हवा, असे आमचे मत आहे.

मालकांची बाजूही एकदा ऐकली पाहिजे. मुंबईतील जुन्या चाळींची भाडी १९४७ च्या कायद्याने १९४० च्या सप्टेंबरातील भाड्याशी बांधून ठेवली. भाडेकरूला रस्त्यावर न फेकण्यासाठी हा कायदा आवश्यकच होता, आणि त्यासाठी कामगार चळवळ झगडली याचा आम्हांला अभिमान आहे. पण त्या भाड्यात परांचीसुद्धा उभी राहत नाही हेही खरे. म्हणून १९६९ साली राज्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ काढले आणि उपकर बसविला. त्या वेळी १९,६४२ इमारती त्याखाली आल्या. भाडेकरू उपकर भरतो, मालक म्हणतो दुरुस्ती मंडळाची, मंडळ म्हणते निधी अपुरा. आणि दर पावसाळ्याच्या तोंडाला अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. यादीत नाव आले की रहिवासी विचारतो, ‘जाऊ कोठे?’ या प्रश्नाला उत्तर नसेल तर तपासणीला तो आपला शत्रू मानणार, अभियंत्याला दारात उभे करणार नाही. घराची हमी दिल्यावाचून तपासणीचा कायदा राबविता येत नाही, हे ज्यांना चाळीत राहावे लागत नाही त्यांच्या लक्षात येत नाही.

केवळ खाजगी मालकालाच दोष द्यावा असेही नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगाव येथे डॉकयार्ड रोडजवळ कोसळलेली इमारत महापालिकेच्याच मालकीची होती आणि तीत तिचेच नोकर राहत होते. ६१ माणसे गेली. इमारत उणीपुरी तीस-बत्तीस वर्षांची होती. आणि दाखल्याचे म्हणाल तर १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळून सात जण दगावले. त्या पुलाची पाहणी होऊन तो किरकोळ दुरुस्तीनिशी वापरण्यास योग्य ठरलेला होता. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरातफलक कोसळून १७ जण मेले. त्याला स्थैर्याचा दाखला देणाऱ्या अभियंत्याला पोलिसांनी अटक केली. न्यूयॉर्कचा तो पाहावयास न गेलेला अभियंता आणि हे प्रकार यांची जात एकच आहे. ज्याची इमारत त्यानेच तपासनीस निवडावयाचा, त्यानेच पैसे द्यावयाचे, आणि दुसऱ्या वर्षीचे कामही त्यानेच द्यावयाचे. अशा नात्यात ‘नाही’ म्हणावयास फार मोठे धैर्य लागते. कारखान्यात यंत्राची तपासणी मालकाच्या पगारी माणसाने केली तर कामगार ती मानीत नाही, मग येथे का मानावी? आमची सूचना अशी, की तपासनीस महापालिकेच्या नोंदीतून चिठ्ठी टाकून नेमावा, मालकाने फी महापालिकेत भरावी आणि तिने ती तपासनिसाला द्यावी. यात अडचणी आहेत, त्या आम्हांला ठाऊक आहेत. पण आजच्या पद्धतीतल्या अडचणी वाटसरूच्या डोक्यावर येऊन पडतात.

शेवटी ज्यांच्याविषयी या चर्चेत कोणीच बोलत नाही त्यांच्याविषयी. भिंतीला प्रत्यक्ष हात लावतो तो गवंडी आणि दोरावर लोंबकळणारा रंगारी. गवंडी हातोडीच्या दांड्याने गिलावा ठोकून पाहतो. पक्क्या जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पोकळ, मडक्यासारखा. रंगारी तर इमारतीची वीतन् वीत हाताखालून घालतो. कोठे पिंपळाचे मूळ आत शिरले आहे, कोठला छज्जा पायाखाली दबतो, हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. त्याला कोणी विचारीत नाही, आणि त्याने आपणहून सांगितले तर मुकादम म्हणतो, ‘तुला रंगाचे पैसे मिळतात ना?’ त्याच्या सांगण्याची अहवालात नोंद घेण्याची सक्ती असती तर पुष्कळ गोष्टी वेळेवर कळल्या असत्या.

त्याच्या स्वतःच्या जिवाचे काय? न्यूयॉर्क राज्यात १८८५ पासून परांचीचा कायदा आहे. उंचीवरून कामगार पडला आणि त्याला योग्य साधने दिलेली नव्हती, तर मालक व ठेकेदार जबाबदार. कामगाराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून त्यांना सुटता येत नाही. यामुळे भिंतींच्या दुरुस्त्या महाग होतात अशी तेथल्या मालकांची तक्रार सव्वाशे वर्षे चालू आहे, आणि कायदाही चालू आहे. आपल्याकडे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने दहा कामगारांची अट घातली होती. रंगाऱ्याच्या टोळीत असामी चार, फार तर पाच. पट्टा नाही, नोंद नाही, पडला तर ठेकेदार सापडत नाही.

दुरुस्ती कशा प्रकारे होते याकडे दुर्लक्ष झाले की काय होते ते हाँगकाँगने नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखविले. ताई पो भागातील एका वसाहतीच्या बाहेरील भिंतींचे दुरुस्तीकाम चालू होते आणि इमारती बांबूच्या परांचीने व जाळीने वेढलेल्या होत्या. जाळी व खिडक्यांवर लावलेला फोम पेट घेणारा निघाला आणि दीडशेहून अधिक माणसे आगीत गेली. जाळीबद्दल रहिवाशांनी आधी तक्रारी केल्या होत्या.

तेव्हा आपल्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेत संरचना तपासणीचा अहवाल येईल तेव्हा त्याचे शेवटचे पान, म्हणजे ‘सी-१’ की ‘सी-३’ एवढेच, वाचून हात वर करू नये. अभियंता स्वतः किती दिवस आला, गच्चीच्या कठड्यावर आणि छज्ज्यांवर कोण चढले, हातोडीने ठोकलेल्या जागांच्या खुणा नकाशावर आहेत काय, हे विचारावे. सुचविलेल्या दुरुस्तीला मुदत किती आणि ती टळल्यास रस्त्याकडे संरक्षण कोण घालणार, हे ठरावात लिहून घ्यावे. अहवालाची प्रत जिन्याखाली फलकावर लावावी. ती लावण्यास चिटणीस का कू करीत असेल तर का, ते सभेतच विचारावे. आणि अहवालात रस्त्यावरून काढलेली छायाचित्रे तेवढी असतील, पण खर्चात परांचीचे किंवा दोराचे बिल कोठेच नसेल, तर त्या भिंतीला अजून कोणाचाही हात लागलेला नाही असे समजावे.